दोघांच्या मध्ये उभं राहिलेलं सरकार

साम्यवादी काळातल्या पूर्व युरोपवर प्रेमकथा दाखवली की आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांमध्ये एक वाद हमखास होतो. मध्यंतरी आमच्याकडे कातालिन मितुलेस्कू या रुमानियन दिग्दर्शकाचा 'हाऊ आय स्पेंट द एंड ऑफ द वर्ल्ड' हा २००६ चा चित्रपट दाखवला, तेव्हाही झाला. १९८९ मधलं बुखारेस्ट, शहराच्या टोकाची एक वस्ती, सतरा वर्षांची एवा, तिच्या आयुष्यात आलेली दोन मुलं आणि तिचा सात वर्षांचा भाऊ. दिवे लागले आणि एक ज्येष्ठ सभासद तावातावाने म्हणाले, "माणसं थंडीने नि भुकेने मरत होती, आणि यांना पोरापोरींचं प्रेमप्रकरण सुचतं?" त्यांना उत्तर देताना एक तरुण मुलगी म्हणाली, "काका, राजवट बाजूला ठेवा ना. प्रेम शेवटी सगळीकडे सारखंच असतं. म्हणून तर आपल्याला ते भिडलं." मग चहाचे कप रिकामे होईपर्यंत दोन तट पडले. एका तटाला प्रेमामुळे राजकारण पातळ झाल्यासारखं वाटत होतं, दुसऱ्याला राजकारणामुळे प्रेम झाकोळल्यासारखं.

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत, कारण दोघांची चूक एकच आहे. प्रेम ही आतली खोली आणि सरकार बाहेर रस्त्यावर, हे दोघांनीही धरून चाललेलं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रुमानियात अशी आतली खोली शिल्लकच नव्हती. तिथल्या साम्यवादी राजवटीच्या शेवटच्या पंचवीस वर्षांबद्दल खरं बोलायचं असेल तर प्रेमकथा ही पळवाट ठरत नाही, उलट तीच सर्वांत सरळ वाट आहे, असं माझं म्हणणं आहे. अट एवढीच, की ती त्याच मातीत घडलेली हवी.

निकोलाय चाउशेस्कू १९६५ च्या मार्चमध्ये सत्तेवर आला. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९६६ ला, हुकूम क्रमांक ७७० निघाला आणि गर्भपातावर बंदी आली. पंचेचाळीस वर्षांवरच्या, चार मुलं झालेल्या, बलात्काराला बळी पडलेल्या किंवा जिवाला धोका असलेल्या बायकांपुरती सूट होती. पुढे वयाची आणि मुलांच्या संख्येची अट सरकारच्या गरजेप्रमाणे बदलत गेली. १९८५ मध्ये चाराची पाच मुलं झाली. संततिनियमनाची साधनं दुकानात मिळत नव्हती, काळ्या बाजारात मिळाली तर मिळाली. १९६६ मध्ये देशात पावणेतीन लाखांच्या आसपास मुलं जन्मली होती, १९६७ मध्ये सव्वापाच लाखांहून अधिक. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. या मुलांना रुमानियन भाषेत नावच पडलं, 'देक्रेत्सेय', म्हणजे हुकुमाची लेकरं. गंमत म्हणून हा आकडा सांगत नाही. त्या दुपटीमागे लाखो रात्री आहेत, आणि त्या प्रत्येक रात्री अंथरुणात दोन माणसांबरोबर एक सरकारी कागद होता.

आणि कागद तेवढाच नव्हता. त्याच वर्षी घटस्फोटाची वाट इतकी अरुंद केली गेली की १९६७ या संपूर्ण वर्षात देशभरात फक्त ४८ घटस्फोट झाले. पंचविशी उलटलेल्या आणि मूल नसलेल्या स्त्री-पुरुषांना जादा कर पडला, लग्न झालेलं असो वा नसो. परदेशी माणसाशी लग्न करायचं तर राज्य परिषदेची परवानगी लागे. जवळचा नातलग नसलेल्या परदेशी पाहुण्याला घरी मुक्कामाला ठेवायला १९७४ पासून मनाई होती. ऐंशीच्या दशकात कारखान्यांमधून बायकांच्या स्त्रीरोग तपासण्या सुरू झाल्या. कुणाला दिवस गेलेत, याची नोंद झाली की ते मूल जन्माला येईपर्यंत त्या पोटावर लक्ष. गर्भपाताच्या संशयाने रक्तबंबाळ होऊन इस्पितळात आलेल्या बाईकडून आधी गर्भपात करणाऱ्याचं नाव वदवून घ्यायचं आणि मग उपचार करायचे, हेही घडत होतं. या हुकुमापायी चोरून केलेल्या गर्भपातांत मेलेल्या बायकांचा आकडा दहा हजारांच्या घरात असावा, असा अंदाज आहे. १९८९ मध्ये दर लाख जन्मांमागे सुमारे १७० माता दगावत होत्या, युरोपात सर्वांत जास्त. आता मला सांगा, अशा देशात एका मुलीने एका मुलाचा हात धरणं ही 'खाजगी' गोष्ट कशी?

शिक्षण संपलं की नोकरी कुठे करायची हेही सरकार ठरवायचं. पदवीधरांची नेमणूक होई. ती बुखारेस्टची, तो तीनशे किलोमीटरवरच्या खेड्यातला, असं सर्रास होत असे. मोठी शहरं 'बंद' होती, तिथे राहायचं तर ओळखपत्रावर त्या शहराचा पत्ता हवा. मग तो पत्ता मिळवायचा सोपा उपाय म्हणजे त्या शहरातल्या माणसाशी लग्न. यावर राजवटीच्याच काळात, १९८२ मध्ये, विर्जिल कालोतेस्कू यांनी 'बुलेतिन दे बुकुरेश्ती' नावाचा विनोदी चित्रपट काढला. कृषी पदवीधर मुलीला खेड्यातली नेमणूक नको असते, म्हणून ती बुखारेस्टच्या एका टॅक्सीवाल्याशी कागदोपत्री लग्न करते. तो सेन्सॉरच्या हाताखालून गेलेला, लोकांना हसवणारा चित्रपट आहे. पण नुसतं त्याचं कथासूत्र बघा. लग्न ही इथे राहण्याच्या परवान्याची किंमत आहे, आणि हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. सेन्सॉरखालचा प्रेक्षक ओळींच्या मधलं वाचतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 'स्वराज्याचे तोरण' हे नाव इंग्रजांनी बदलायला लावल्यावर प्रभातने तोच चित्रपट १९३० मध्ये 'उदयकाल' म्हणून आणला, आणि 'महात्मा'चा 'धर्मात्मा' झाला. म्हणून काय थिएटरात बसलेल्यांना काही कळलं नव्हतं?

आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या आक्षेपाकडे येतो. तो मला मोडीत काढायचा नाही, कारण त्यात खूप तथ्य आहे. तारुण्याला स्वतःचा एक उजेड असतो. सतराव्या वर्षी जे पहिलं चुंबन घेतलं ते रांगेत घेतलं असलं तरी आठवणीत ती रांगही सोनेरी होते. प्रेमकथा हा उजेड राजवटीला उसना देते. जुनी दाचिया गाडी, शाळेचा गणवेश, पायोनियर या साम्यवादी बालसंघटनेतल्या मुलांचा लाल रुमाल, टेपवर घासून गेलेली गाणी: कॅमेऱ्याने हे सारं मायेने टिपलं की तीस-पस्तीस वर्षांनंतरच्या प्रेक्षकाला वाटू लागतं, गरिबी होती, पण दिवस छान होते. ही भीती काल्पनिक नाही. आजच्या रुमानियात जनमत चाचण्या होतात तेव्हा चाउशेस्कू चांगला नेता होता असं म्हणणाऱ्यांची संख्या काळजी वाटावी इतकी मोठी निघते, आणि त्यांत तो काळ न पाहिलेली तरुण मुलंही असतात. अशा देशात स्मरणरंजनाला हातभार लावणारा प्रत्येक चित्रपट थोडा दोषी आहे. दुसरा मुद्दा याहून जड आहे. प्रेमकथेत दोन माणसं असतात आणि बहुधा ती जगतात. ज्या दहा हजार बायका मेल्या, त्यांच्या कथेला नायक नाही, गाणं नाही, बहुतेकींच्या बाबतीत तर घरच्यांनीही खरं कारण सांगितलेलं नाही. दोघांवर कॅमेरा रोखला की या बायका चौकटीबाहेर जातात. व्यवस्था दिसेनाशी होते, नशीब दिसतं.

हे सगळं मान्य करूनही मी म्हणतो की दोष प्रेमकथेच्या माथी मारणं चूक आहे. मितुलेस्कूच्या चित्रपटात एवा आणि तिचा मित्र शाळेत एकमेकांच्या जवळ येतात आणि त्यांच्या धक्क्याने चाउशेस्कूचा अर्धपुतळा पडून फुटतो. एवढंच. बंड नाही, कट नाही, दोन कोवळ्या पोरांची झटापट. पण त्या क्षणापासून एवाचं आयुष्य दुसऱ्या रुळावर जातं. तिच्यावर वर्गासमोर चौकशी बसते, युवक संघटनेतून नाव कमी होतं, शाळा सुटते आणि नाठाळ मुलांसाठीच्या शाळेत रवानगी होते. मुलाचं घर यंत्रणेच्या जवळचं. तो निभावून जातो. एकाच चुंबनातले दोघे, पण शिक्षा एकीलाच. तिला सर्वांत जास्त लागतं ते शिक्षेपेक्षा त्याचं गप्प बसणं. अशा राजवटी माणसाला कशा वाकवतात, हे मी ग्रंथांतूनही वाचलं आहे. पण ज्याच्यावर जीव लावला त्याने मान खाली घातल्यावर काय वाटतं, हे मला त्या मुलीच्या चेहऱ्याने सांगितलं. एवाची भूमिका करणाऱ्या दोरोतेया पेत्रेला त्या वर्षी कान महोत्सवाच्या 'अं सर्तँ रगार' विभागात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही. नव्या शाळेत एवाला दुसरा मुलगा भेटतो, आणि त्यांचं प्रेम म्हणजे काय, तर दॅन्यूब पोहून पलीकडे युगोस्लाव्हियात पोचायचा बेत. त्या नदीत पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी आणि प्रवाहाने खरोखरच माणसं मेली. आपल्याकडे प्रेमात पडलेली मुलं टेकडीवर जातात. ही दोघं पाण्यात किती वेळ तग धरता येईल याचा हिशेब करतात. यात राजवट 'पार्श्वभूमीला' आहे असं कुणी म्हणू शकेल?

चौकटीबाहेर राहिलेल्या त्या दहा हजार बायकांचं काय, या प्रश्नाला मात्र मला दुसऱ्या चित्रपटाकडे जावं लागतं. क्रिस्तियान मुंज्यूच्या 'फोर मंथ्स, थ्री वीक्स अँड टू डेज'ला २००७ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याला कुणी प्रेमपट म्हणत नाही. १९८७ मध्ये वसतिगृहात राहणारी एक मुलगी चोरून गर्भपात करून घेते आणि तिची मैत्रीण ओतिलिया तिला मदत करते, त्याची ही एका दिवसाची गोष्ट. पण माझ्या मते त्याचा कणा एक प्रेमसंबंधच आहे. हॉटेलच्या खोलीत मैत्रीण पडून आहे, गर्भपात करणाऱ्या माणसाने दोघींकडून वसूल केलेली किंमत ओतिलियाच्या अंगावर अजून ताजी आहे, आणि तिला प्रियकराच्या, आदीच्या, आईच्या वाढदिवसाला जावं लागतं. जेवणाचं टेबल. कॅमेरा समोर ठेवलेला, हलत नाही. ओतिलिया मधोमध कोंबून बसवलेली, दोन्ही बाजूंनी शिकलेसवरलेले पाहुणे बटाटे कसे शिजवावेत, हल्लीच्या मुलांना कसं सगळं आयतं मिळतं, यावर बोलताहेत. सिगरेट घेतली म्हणून एक गृहस्थ तिला वडीलधाऱ्यांचा मान शिकवतात. आत कुठेतरी फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. तिच्या डोळ्यांत तो फोन हॉटेलमधून आला असेल का, एवढंच. कितीतरी मिनिटं आपण त्या टेबलाशी अडकून पडतो. मग आदीच्या खोलीत ती त्याला विचारते, मला दिवस गेले तर तू काय करशील? तो म्हणतो, लग्न करू. त्याला वाटतं हे प्रेमाचं उत्तर आहे. तिला त्या एका वाक्यात कळतं की आपण एकट्या आहोत. मी तो प्रसंग तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा आदीचा राग आला नाही. तो मुलगा वाईट नाहीच. त्या कायद्याने भीतीचं सगळं ओझं दोघांपैकी एकीच्याच अंगावर टाकलं होतं, आणि दुसऱ्याला ते दिसतही नव्हतं. मेलेल्या बायकांची गोष्ट हीच आहे. ती आकड्यात सांगता येते, अहवालात सांगता येते. पण ती भीती दोन माणसांच्या मधल्या त्या फुटभर जागेत कशी राहत होती, हे प्रेमकथेखेरीज कुठे सांगणार?

राहिला त्या मुलीचा मुद्दा: प्रेम सगळीकडे सारखंच. खरं तर हा आक्षेप नाहीच, कौतुक आहे, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. तिच्या बाजूचा सर्वांत जोरदार पुरावा मीच देतो. साम्यवादी रुमानियात आपले हिंदी चित्रपट धो धो चालले. राज कपूरचा 'आवारा' तर चाललाच, पण देवेंद्र गोयल यांचा १९६९ चा 'एक फूल दो माली' तिथे इतका लाडका झाला की आजही तिथल्या वयस्क बायका त्याचं नाव काढतात. नर्घिता नावाची रुमानियन गायिका हिंदी गाणी गाऊन तिथे प्रसिद्ध झाली. भाषा कळत नाही, साडी कळत नाही, तरी माणसं रडली. मग प्रेम सारखंच ठरलं ना?

पण जरा 'एक फूल दो माली'ची गोष्ट आठवून बघा. साधनाचा प्रियकर, संजय खान, हिमकड्यात सापडून मेला असं सगळे धरून चालतात आणि तिच्या पोटात त्याचं मूल असतं. बलराज साहनीने रंगवलेला प्रौढ, एकटा गृहस्थ तिच्याशी लग्न करतो, मुलाला आपलं नाव देतो. आपल्याकडे हा अब्रूचा पेच होता. आपले डोळे ओले झाले ते बलराज साहनीच्या मोठेपणाने. आता हाच चित्रपट हुकूम ७७० खाली जगणाऱ्या एखाद्या सूतगिरणी कामगार बाईच्या शेजारी बसून बघा. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी पडद्यावर आहे, आणि खुर्चीत बसलेल्या या बाईला ठाऊक आहे की तिच्या देशात अशा मुलीपुढे कोणते रस्ते उरतात. सेन्सॉरला त्या परदेशी रडगाण्यात काही धोका दिसला नसणार. रडणं सारखंच होतं, मान्य. कशासाठी रडणं होतं, ते सारखं नव्हतं. आणि चित्रपट संपल्यावर ती ज्या घरी गेली, ते तर मुळीच नाही. ऐंशीच्या दशकात त्या घरात थंडगार रेडिएटर, चाळीस वॅटचा एक दिवा, रेशनवर मिळणारं तेल-साखर आणि १९८५ पासून रोज जेमतेम दोन तासांचं सरकारी टीव्ही प्रक्षेपण. हे सगळं कशासाठी, तर सुमारे दहा अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज फेडायचं म्हणून. आणि ते १९८९ च्या एप्रिलमध्ये फेडलं गेल्याचं मोठ्या अभिमानाने जाहीर झालं. अंगात कोट घालून झोपणाऱ्या नवरा-बायकोचं प्रेम आणि आपलं प्रेम सारखंच, असं म्हणणं म्हणजे त्यांच्या अंगावरचा कोट न बघणं आहे.

'सगळीकडे सारखंच' म्हणणाऱ्यांना मी आपल्याच घरातली एक गोष्ट सांगतो. माझे मामा प्राथमिक शिक्षक होते. आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायचं उद्दिष्ट होतं. मामी सांगायची, शाळा सुटल्यावर मामा वही काखेत मारून वस्तीवर जायचे. ज्याची दोन पोरं त्यांच्याच वर्गात बाराखडी गिरवत होती, त्याच्या दारात उभं राहून त्या बापाला विचारायचं, तुझं आणि तुझ्या बायकोचं पुढे काय ठरलंय? रात्री परत आले की मामा जेवायचे नाहीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक चक्क मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. बुखारेस्टमध्ये सरकार म्हणत होतं, मुलं झालीच पाहिजेत. इथे सरकार म्हणत होतं, होता कामा नयेत. दिशा उलटी, पण सरकार उभं होतं ते एकाच ठिकाणी. फरक आहे आणि तो मोठा आहे: आपल्याला एकवीस महिन्यांनी मतपेटी मिळाली, त्यांना तेवीस वर्षं नाही. पण मामांची ती वही ज्यांच्या दारात गेली, त्या नवरा-बायकोंची गोष्ट सांगताना कुणी जर 'राजकारण बाजूला ठेवा' म्हणालं, तर गोष्टीत उरेल काय?

म्हणून अशा चित्रपटाला मी एकच प्रश्न विचारतो. ही कथा उचलून त्याच काळातल्या पॅरिसला किंवा पुण्याला नेली, तर चालेल का? चालत असेल तर दाचिया गाड्या आणि लाल रुमाल ही नुसती सजावट आहे, आणि माझ्या ज्येष्ठ मित्राचा राग रास्त आहे. स्मरणरंजनाचा आरोप अशा चित्रपटांवर खुशाल करावा, मीही करेन. पण फुटलेला अर्धपुतळा पॅरिसला नेता येत नाही. त्या टेबलावर अडकलेली ओतिलिया दुसऱ्या कुठल्या शहरात इतकी मुकी होणार नाही. सेकुरितातेच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या, ज्या फायली १९९९ च्या कायद्यानंतर लोकांना वाचायला मिळू लागल्या, त्यांत अनेकांना खबऱ्या म्हणून मित्र सापडला, सहकारी सापडला, कधी घरातलंच माणूस सापडलं. त्यानंतर स्वतःच्या जुन्या प्रेमाच्या आठवणीही त्यांना पुन्हा तपासून बघाव्या लागल्या: ती त्या संध्याकाळी आली होती, ती माझ्यासाठी की अहवालासाठी? हा प्रश्न दुःखाचे प्रसंग जास्त घातले म्हणून चित्रपटात येत नाही. तो प्रेमातूनच येतो, आणि तिथेच सर्वांत जास्त दुखतो.

चहाच्या वेळी हे सगळं मला सुचलं नव्हतं. तेव्हा मी त्या मुलीला फक्त एक तारीख सांगितली. २५ डिसेंबर १९८९ ला तिर्गोविश्तेच्या लष्करी तळावर चाउशेस्कू पतीपत्नींना गोळ्या घातल्या. रस्त्यांवर गोळीबार पुरता थांबला नव्हता, कोण सत्तेवर आहे हे धड कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, २६ तारखेला, नव्या सरकारने जे अगदी पहिले हुकूम काढले त्यांत ७७० रद्द झाला. पुढच्या एका वर्षात बाळंतपणात आणि गर्भपातात दगावणाऱ्या बायकांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे एवा तेव्हा सतराचीच असेल ना?"